टेस्लाच्या आकड्यापलीकडचा एमआरआय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखाद्या रुग्णालयात ३ टेस्लाचे एमआरआय यंत्र आले की टेस्लाचा, म्हणजे चुंबकाच्या ताकदीचा, आकडा हमखास मथळ्यात झळकतो. त्यात गैर काही नाही, पण चुंबक वाढवून हाती किती लागते, हेही वाचकांना कळायला हवे. दीड टेस्लावरून तीनवर गेलो तर अणुकेंद्रकांचे ध्रुवीकरण (एका दिशेला वळलेल्यांची जास्तीची संख्या; एमआरआयचा संकेत तिच्यातूनच येतो) फक्त दुप्पट होते. आणि मुळात ते असते किती? शरीराच्या तापमानाला, ३ टेस्लात, १० लाख प्रोटॉनमागे साधारण १०. बाकीचे एकमेकांना खोडून काढतात. रस्सीखेचीत दोन्हीकडे जवळपास पाच-पाच लाख माणसे आणि दोर हलतो तो वरच्या दहांच्या जोरावर, असा हा मामला. शरीरात पाणी मुबलक म्हणून तेवढ्यावर निभावते. पेशीतला पायरुव्हेटसारखा (साखरेच्या विघटनातला एक रेणू) विरळ रेणू कार्बन-१३ या चुंबकीय कार्बनच्या आधारे पाहायचा म्हटले की हे भांडवल पुरत नाही.

यावर रसायनशास्त्राकडे एक इलाज आहे आणि त्याला मोठा चुंबक लागत नाही. हायड्रोजन वायूत नेहमीच्या तापमानाला तीन भाग ऑर्थो आणि एक भाग पॅरा रेणू असतात. पॅरात दोन्ही प्रोटॉनचे स्पिन (प्रोटॉनला सूक्ष्म चुंबक बनवणारा गुण) परस्परविरुद्ध जोडलेले असतात. सक्रिय कोळसा किंवा लोहाच्या ऑक्साइडच्या सान्निध्यात वायू थंड केला की पॅराचे प्रमाण वाढते: उणे १९६ अंश सेल्सिअसला निम्मे, २० केल्विनच्या (उणे २५३ अंश) आसपास जवळजवळ पूर्ण. बोनहोफर आणि हार्टेक यांनी १९२९ मध्ये बर्लिनला हे करून दाखवले. कोळशापासून दूर केला की हा वायू चांगल्या सिलिंडरमध्ये, खोलीच्या तापमानालाही, कित्येक दिवस तसाच टिकतो.

अडचण एवढीच की पॅराहायड्रोजनचा एकूण स्पिन शून्य, त्यामुळे एनएमआरला (एमआरआयच्याच तत्त्वावर रेणू तपासणारे तंत्र) तो दिसतच नाही. इथे धातू लागतो. बॉवर्स आणि वाइटकँप यांनी १९८६ मध्ये अमेरिकेतल्या कॅल्टेक संस्थेत सिद्धान्त मांडला आणि पुढच्याच वर्षी ऱ्होडियमच्या उत्प्रेरकाने हा हायड्रोजन दुसऱ्या रेणूला जोडून प्रचंड वाढलेला संकेत मिळवला. २००९ मध्ये यॉर्क विद्यापीठातल्या गटाने त्याहून देखणी युक्ती काढली. इरिडियमच्या अणूवर हायड्रोजन आणि पिरिडीनसारखा रेणू एकाच वेळी तात्पुरते बसतात, स्पिनची शिस्त धातूमार्गे पिरिडीनकडे जाते आणि तो जसाच्या तसा सुटून बाहेर पडतो. जागा रिकामी झाली की पुढचा येतो. अनुकूल रेणूंत प्रोटॉनचे ध्रुवीकरण या वाटेने ५० टक्क्यांपर्यंत नेता आले आहे. वर सांगितलेल्या १० लाखांतल्या दहांशी याची तुलना करून पाहावी.

हा प्रयोग मी एका प्रयोगशाळेत पाहिला आहे. मिथेनॉलमधले उत्प्रेरकाचे पिवळे द्रावण हायड्रोजन दिल्यावर फिके पडत जाते. मग पॅराहायड्रोजन भरलेली काचेची नळी चुंबकाच्या बाहेर, काही मिलिटेस्लाच्या क्षीण क्षेत्रात, दहाएक सेकंद हाताने हलवायची आणि झटकन यंत्रात सोडायची. पडद्यावर पिरिडीनच्या संकेताच्या रेषा उलट्या, खाली तोंड करून, कागदाबाहेर जातात. मिनिटभराने पुन्हा मोजले तर नेहमीच्याच बुटक्या रेषा!

हीच या तंत्राची मर्यादा. मिळवलेले ध्रुवीकरण सेकंदांत, कार्बन-१३ वर फार तर मिनिटा-दोन मिनिटांत ओसरते. शिवाय इरिडियम आणि मिथेनॉल काढून टाकल्याशिवाय द्रावण माणसाला टोचता येत नाही आणि धातूला न चिकटणाऱ्या रेणूंवर ही युक्ती थेट चालत नाही. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या संशोधकांनी प्रोस्टेट कर्करोगाच्या रुग्णांत ध्रुवीकृत पायरुव्हेट वापरल्याचे प्रसिद्ध केले, पण त्यांची पद्धत वेगळी होती. त्यात नमुना १ केल्विनच्या आसपास तासभर किंवा जास्त ठेवावा लागतो, म्हणजे द्रव हेलियम आले आणि खर्चही आला.

आपल्या दृष्टीने मुद्दा इथेच आहे. हेलियम आपण आयात करतो. उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन मात्र कृत्रिम रेतनासाठी गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यापर्यंत पोहोचतो. त्या थंडाव्यावर मिळणारा निम्मा पॅराहायड्रोजनही कमाल परिणामाच्या एक-तृतीयांश वाढ देतो. शिकायला आणि शिकवायला ती भरपूर झाली. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उत्प्रेरकांवर अनेक दशके काम चालले आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एनएमआर रुजवणारे धर्माधिकारी नव्हेत, धर्मट्टी (हे नाव आपल्याकडे हमखास चुकते), स्टॅनफर्डला १९५१ मध्ये अल्कोहोलच्या रेषा वेगळ्या करून दाखवणाऱ्या तिघांपैकी एक होते. इतकी पूर्वपीठिका असताना विद्यापीठांच्या रसायनशास्त्र विभागांत उपकरणांचा निधी आला की आधी मोठ्या चुंबकाचीच मागणी का जाते?

टेबलावर मावणारे, द्रव हेलियम न लागणारे एनएमआर यंत्र, नायट्रोजनचे एक भांडे आणि चिमूटभर इरिडियम संयुग एवढ्यावर एमएस्सीच्या विद्यार्थ्यांना हा प्रयोग देता येईल. निधी देणाऱ्यांनी अशा छोट्या प्रस्तावांसाठी वेगळी तरतूद ठेवावी. हायड्रोजनची भीती पुढे करू नये. खेळती हवा आणि ठिणगीपासून अंतर हे नियम पाळून हायड्रोजनीकरणाचे प्रयोग आपले विद्यार्थी आजही करतातच.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र प्राध्यापक, सांगली