फ्लायव्हीलला नवी छिद्रे पाडण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या मोटारीत दुसऱ्या बनावटीचे इंजिन बसवण्यासंबंधीचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. माउंटिंग, वायरिंग आणि रेडिएटर यांविषयी लेखकाने जिव्हाळ्याने लिहिले आहे. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या टोकाला फिरणारी जड चकती, आणि क्लच यांची बोळवण मात्र ‘अ‍ॅडॉप्टर प्लेट करून घ्यावी आणि बोल्टची छिद्रे जुळवून घ्यावीत’ एवढ्या एका वाक्यात केली आहे. (ही प्लेट म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली जोडतबकडी.) आयुष्याचा बराच काळ लेथवर उभा राहून काढल्यामुळे मला ते वाक्य तसेच सोडून देववले नाही.

बोल्ट फ्लायव्हीलला क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) तोंडावर घट्ट आवळून धरतात. त्याला मध्यावर ठेवण्याचे काम मात्र बोल्टचे नसून क्रँकच्या टोकावरील गोल उंचवट्याचे असते. हा उंचवटा फ्लायव्हीलच्या मधल्या भोकात विनासैल बसावा लागतो. नवे भोक मोठे पडत असेल तर तेथे कडे बसवून ते मापात आणावे. बोल्टच्या भरवशावर सोडू नये. हीच गोष्ट बेल हाउसिंगची, म्हणजे फ्लायव्हील आणि क्लच झाकणाऱ्या कवचाची. क्रँकवर डायल गेज (सूक्ष्म फरक दाखवणारे काट्याचे मापक) बांधून हाउसिंगच्या मधल्या भोकाच्या आतून पूर्ण फेरा फिरवल्यावर काट्याचा एकूण फरक साधारण ०.१२ मिलिमीटरच्या आत यावा, असा प्रघात आहे. (डायलवर दिसणारा फरक प्रत्यक्ष सरकलेल्या केंद्राच्या दुप्पट असतो, हे विसरून पुष्कळ जण दुरुस्तीही दुप्पट करून बसतात.) फरक याहून अधिक असेल, तर मध्यापासून सरकलेल्या केंद्राच्या (ऑफसेट) डॉवेल पिना वापरून हाउसिंग सरकवावे लागते. हे टाळले तर गाडी सुरू होते, चालते आणि काही महिन्यांनी क्रँकच्या टोकातले पायलट बेअरिंग ओरडू लागते, क्लच प्लेटचा हब झिजतो, आणि दोष गिअरबॉक्सच्या माथी मारला जातो.

केंद्रानंतर लांबीचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते बहुतेक कामे येथेच फसतात. अ‍ॅडॉप्टर प्लेट २० मिलिमीटर जाडीची केली की गिअरबॉक्स तेवढाच मागे सरकतो. मग गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे टोक पायलट बेअरिंगपर्यंत पोहोचत नाही, क्लच प्लेट त्या शाफ्टवरील खाचांच्या (स्प्लाइनच्या) अगदी टोकावर लटकते आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे) प्रेशर प्लेटच्या, म्हणजे क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाच्या, बोटांपासून दूर पडते. यावर क्रँक आणि फ्लायव्हील यांच्यामध्ये तितक्याच जाडीचा स्पेसर घालता येतो. पण त्याच्या एका बाजूला खाच आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा हवा, दोन्ही एकाच बांधणीत टर्न केलेले हवेत, आणि बोल्टही त्या प्रमाणात लांब हवेत. म्हणून काहीही कापण्याआधी हाउसिंगच्या तोंडापासून प्रेशर प्लेटच्या बोटांपर्यंतचे अंतर मोजून कागदावर उतरवावे. बेअरिंग बोटांवर सतत दाबून राहिले तर क्लच घसरतो. कमी पडले तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर करकरतात.

आता लेखातील ‘छिद्रे जुळवून घेण्या’विषयी. बिडाच्या फ्लायव्हीलवर जुन्या छिद्रांच्या मधोमध नवी छिद्रे पाडणे, किंवा जुनी वेल्डिंगने बुजवून पुन्हा ड्रिल करणे, मला धोक्याचे वाटते. फिरणाऱ्या तबकडीत सर्वांत जास्त ताण मधल्या भोकाच्या काठाशी असतो आणि बोल्टची छिद्रेही त्याच भागात येतात. छिद्राच्या कडेला तो ताण आणखी दुप्पट-तिप्पट होतो, आणि वेल्डिंगशेजारचे बीड ठिसूळ होते ते वेगळेच. शिवाय हा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. डिझेल इंजिनाचे, मिनिटाला ४,००० फेऱ्यांपर्यंतच फिरलेले फ्लायव्हील ७,००० फेऱ्या घेणाऱ्या पेट्रोल इंजिनावर चढवले, तर त्यावरील ताण तिपटीहून थोडा अधिक होतो. फुटलेल्या फ्लायव्हीलचे तुकडे हाउसिंग फोडून चालकाच्या पायांपर्यंत येऊ शकतात. शर्यतीच्या गाड्यांसाठी फ्लायव्हीलला १.१ आणि संरक्षक हाउसिंगला ६.१ अशी एसएफआय या सुरक्षा-प्रमाणके ठरवणाऱ्या संस्थेची प्रमाणके आहेत, ती उगाच नव्हेत. छिद्रांचा नमुना जुळत नसेल, तर पोलादी गोळ्यातून नवे फ्लायव्हील कापून घेणे हाच मार्ग मला पटतो.

क्लच प्लेटची निवड त्यामानाने सोपी आहे: स्प्लाइन गिअरबॉक्सच्या, व्यास प्रेशर प्लेटचा, आणि ताकद नव्या इंजिनाच्या टॉर्कपेक्षा काहीशी जास्त. स्टार्टरचे पिनियन फ्लायव्हीलच्या कडेवरील रिंग गिअरच्या दातांत नीट शिरते की नाही, हे हाताने फिरवून पाहावे. क्रँकची स्थिती ओळखणारा क्रँक सेन्सर फ्लायव्हीलवरचे दात मोजत असेल, तर खुणेसाठी मुद्दाम गाळलेल्या दातांची जागा अंशभरही चुकवून चालत नाही.

एक चूक मी स्वतः केली आहे. हाती आलेल्या फ्लायव्हीलची एक बाजू जड लागली, ती कोणाची तरी हयगय समजून मी बॅलन्सिंग मशिनवर शून्यावर आणली. इंजिन सुरू होताच अख्खी गाडी थरथरू लागली. ते इंजिन बाहेरून समतोल साधणारे होते. क्रँकचा अपुरा समतोल भरून काढण्यासाठीच निर्मात्याने ते वजन फ्लायव्हीलवर ठेवले होते. शेव्हरोलेच्या ४०० घनइंची व्ही-८ इंजिनाची रचना अशीच आहे. जुने फ्लायव्हील मोडीत देण्याआधी नव्याचा समतोल त्याच्याशी ताडून घेतला असता, तर ते काम मला दुसऱ्यांदा खोलावे लागले नसते.

लेखमालेच्या पुढील भागात लेखकाने क्रँकच्या तोंडापासून रिलीज बेअरिंगपर्यंतच्या मापांची एक आकृती द्यावी, एवढी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त टर्नर