शनिवारी सभागृहाची ध्वनिचाचणी : सभासदांनी यावे

सभासदहो,

आपल्या जुन्या सभागृहातल्या नव्या इलेक्ट्रॉनिक ध्वनियंत्रणेची चाचणी येत्या शनिवारी संध्याकाळी ६ वाजता आहे. रिकाम्या खुर्च्यांवर मापे घेऊन झाली. पण माणसे आणि त्यांचे कपडे बराच आवाज शोषतात, म्हणून सभागृह भरलेले हवे.

हा आवाज मोठा करण्याचा खटाटोप नव्हे. छताजवळचे मायक्रोफोन वाद्यांचा नाद टिपतात आणि भिंतीतले स्पीकर तो किंचित उशिराने, विरत जाणारा असा परत सोडतात. मूळ गिलाव्याला धक्का न लावता घुमारा वाढतो. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये १९६४ साली अशीच सोय केली होती.

- पावणेसहाला दारे बंद होतील. नंतर कोणालाही आत सोडणार नाही, पदाधिकाऱ्यांनाही नाही.
- मोबाइल बंद. सायलेंटवरची थरथरही मायक्रोफोन पकडतो.
- यंत्रणा कधी चालू, कधी बंद हे सांगितले जाणार नाही. जे ऐकू येईल ते कागदावर लिहा, शेजाऱ्याशी चर्चा नको.
- मध्यंतरानंतर जागा बदला. बाल्कनीखालच्या शेवटच्या रांगा रिकाम्या ठेवू नका. खरी तक्रार तिथलीच आहे.

येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत चिटणीसांकडे नाव द्यावे.

– कार्यकारिणी