टाकीत बनलेल्या दुधाच्या प्रथिनाला नाव द्या : कोडेक्स आयोगाच्या अध्यक्षांना खुले पत्र

मा. अध्यक्ष,
कोडेक्स अलिमेंटेरियस आयोग, रोम

सादर नमस्कार.

माझ्या मुलाला दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी आहे. त्यामुळे पाकिटामागची बारीक अक्षरं वाचणं हे माझं रोजचं काम, आणि त्याच सवयीने मी अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या तुमच्या आयोगाच्या १९९९ च्या, दुग्धपदार्थांच्या नावांबद्दलच्या मानकापर्यंत पोहोचले.

त्यात दूध म्हणजे दुभत्या जनावराच्या कासेतून दोहून मिळालेला नैसर्गिक स्राव, ज्यात काही मिसळलेलं नाही आणि ज्यातून काही काढलेलं नाही. युरोपीय संघाची व्याख्या जवळपास हीच आहे. अमेरिकेचा नियम तर सरळ गाईचंच नाव घेतो : निरोगी गाईचं, चीक जवळजवळ नसलेलं, किमान ३.२५ टक्के फॅट आणि ८.२५ टक्के एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) असलेलं. आकडे देशागणिक बदलतात, पण दूध ठरतं ते कुठून आलं यावरूनच.

याच आधारावर युरोपीय न्यायालयाने जून २०१७ मध्ये निव्वळ वनस्पतिजन्य पदार्थांना 'दूध', 'लोणी', 'चीज' म्हणायला मनाई केली. नारळाच्या दुधासारखी रुळलेली नावं तेवढी वगळली. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) फेब्रुवारी २०२३ च्या मार्गदर्शक मसुद्यात सोया किंवा बदामाच्या पेयांना 'दूध' म्हणू दिलं. दोन्ही बाजूंनी वकील उभे आहेत, मला मात्र या भांडणात फारसा रस नाही. सोयाच्या पेयावर नाव काहीही असो, त्यात गाईचं प्रथिन नसतं.

माझी काळजी वेगळी आहे. गाईचं जनुक सूक्ष्मजीवात घालून टाकीत बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन तयार करता येतं. दुधाच्या ॲलर्जीला कारण ठरणाऱ्या मुख्य प्रथिनांपैकी हे एक. अशा प्रथिनाच्या सुरक्षिततेबद्दल आपल्याला प्रश्न नाहीत, असं एफडीएने २०२० मध्ये कळवलंही. इथे कास नाही, दोहणं नाही, म्हणजे तुमच्या व्याख्येने हे दूध नव्हे. माझ्या मुलाचं शरीर मात्र ते दूध म्हणूनच ओळखणार. समोर ठळक अक्षरांत 'प्राणिमुक्त' आणि मागे घटकांच्या ओळीत कुठेतरी 'दुधाचे प्रथिन', असं पाकीट शाळेच्या डब्यातल्या खाऊची देवाणघेवाण करणाऱ्या मुलाच्या हाती पडलं, तर तो समोरचंच वाचेल.

कायदा एक पाहतो आणि पदार्थात दुसरंच असतं, तेव्हा काय होतं हे चीनमध्ये २००८ साली दिसलं. पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन हे औद्योगिक रसायन मिसळलं गेलं, कारण तपासणी प्रथिन थेट मोजत नव्हती, नायट्रोजन मोजून त्यावरून प्रथिनाचा अंदाज बांधत होती आणि मेलामाइनमध्ये तो भरपूर असतो. सहा बालकं दगावली, सुमारे तीन लाख आजारी पडली. भेसळबंदी कागदावर होतीच. टाकीतलं प्रथिन भेसळ नाही, ते बनवणाऱ्यांवर माझा रोषही नाही. पण नियमातली फट तशीच आहे.

म्हणून दुधाची व्याख्या बदला असं मी म्हणत नाही, ती शेतकऱ्याला आणि ग्राहकाला दोघांनाही जपते. माझी मागणी एवढीच : सूक्ष्मजीवांपासून बनवलेल्या दुधाच्या प्रथिनासाठी वेगळं, सर्व देशांत चालेल असं नाव ठरवा, आणि 'प्राणिमुक्त' हा दावा जिथे छापला असेल तिथेच, तेवढ्याच आकारात, 'दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांनी खाऊ नये' हे छापणं मानकात घाला. तुमची मानकं देशांवर बंधनकारक नसली, तरी जागतिक व्यापार संघटनेत वाद गेला की आधार त्यांचाच घेतला जातो. प्रत्येक देशाने आपापला शब्द रूढ करण्याआधी हा विषय अन्नलेबल समितीच्या कार्यसूचीवर यावा.

आपली विश्वासू,
एक आई