मूळ अॅक्सलला वेल्डिंग करून ते लपवल्याबद्दल तक्रार

सॅन होजे, कॅलिफोर्निया
दिनांक : १४ ऑक्टोबर २०२४

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : १९३१ च्या फोर्ड मॉडेल ए गाडीचा मूळ पुढचा अॅक्सल ‘ड्रॉप’ करण्याच्या कामातील गंभीर दोष व भरपाईची मागणी

महोदय,

आपले आणि माझे फोनवरचे दोन्ही वेळचे बोलणे मराठीतूनच झाले, म्हणून हे पत्रही मराठीत लिहीत आहे. आपण ते वरिष्ठांपुढे ठेवावे, ही विनंती.

माझ्या मॉडेल ए कूपेचा मूळ पुढचा अॅक्सल, म्हणजे पुढची दोन्ही चाके जोडणारी आडवी पोलादी पट्टी, मी जूनमध्ये आपल्या कारखान्यात पाठवला. दोन्ही टोके भट्टीत तापवून, साच्यात ओढून तो ३ इंच खाली आणायचा (म्हणजेच ‘ड्रॉप’ करायचा), कुठेही कापायचे नाही, वेल्डिंग करायचे नाही आणि दोन किंगपिनांमधले (चाके ज्यांच्याभोवती वळतात त्या उभ्या खिळ्यांमधले) अंतर मूळचेच राखायचे, असे आपल्या लेखी पोचपावतीवर नमूद आहे. रक्कम मी आगाऊ भरली. अॅक्सल सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत आला. त्यावर काळ्या रंगाचा जाड, चकचकीत थर होता. तसा रंग मी मागितलेला नव्हता, पण त्या वेळी मला ते सौजन्य वाटले.

अॅक्सल बसवून चाके चढवली आणि गाडी जमिनीवर टेकवली, तेव्हा समोर उभे राहताच डाव्या चाकाचा माथा बाहेर झुकलेला दिसला. अॅक्सल पुन्हा उतरवून, टेबलावर पाणसळ लावून सरळ बसवला आणि मोजला. उजवीकडचा ड्रॉप बरोबर ३ इंच आहे, डावीकडचा जेमतेम पावणेतीन. किंगपिनचा कल दोन्ही बाजूंना सारखा हवा, कारण पाठवण्यापूर्वी तो सारखाच होता आणि त्याची नोंद माझ्याकडे आहे. आता डावीकडचा कल उजवीपेक्षा जवळजवळ २ अंशांनी कमी भरतो. किंगपिनांमधले अंतरही पाव इंचाने घटले आहे. टोक पुरेसे न ताणता नुसते वाकवले की अॅक्सल आखूड होतो, हे आपल्या कारागिरांना मी सांगण्याची गरज नसावी.

इथपर्यंतचा दोष मी कामातली चूक म्हणून समजून घेतला असता. पुढचा नाही.

डावा किंगपिन बसतो त्या भोकापासून साधारण इंचभर आत रंग किंचित फुगीर वाटला, म्हणून तिथे पॉलिश पेपर फिरवला. काळ्या रंगाखाली आधी पिवळसर लांबी (पुट्टी) निघाली, आणि लांबीखाली आय आकाराच्या पट्टीवर वरपासून खालपर्यंत गेलेली वेल्डिंगची ओळ. ती घासून सपाट केलेली होती, पण दोन ठिकाणी सुईच्या टोकाएवढी छिद्रे नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. ओढताना त्या टोकाला तडा गेला असावा आणि तो भरून, वरून लांबी चढवून, रंग देऊन अॅक्सल माझ्याकडे रवाना केला असावा, याखेरीज मला दुसरा अर्थ लावता येत नाही. जुने पोलाद आहे, तडा जाऊ शकतो. तसे झाले असते तर एक फोन पुरेसा होता. मी दुसरा अॅक्सल शोधला असता आणि आपल्याला दोष दिला नसता.

आपल्या तंत्रज्ञांनी फोनवर सांगितले की अॅक्सल मी बसवतानाच वाकला असेल. बसवताना वाकलेल्या अॅक्सलवर रंगाखाली लांबी आणि लांबीखाली वेल्डिंग येत नाही. पुढची दोन्ही चाके या एकाच पट्टीच्या आधारावर असतात, आणि ब्रेक दाबला की तिला पीळ बसतो. ताशी ६० मैलांच्या वेगाने जाताना ही ओळ सुटली असती, तर हे पत्र लिहायला मी राहिलो असतो की नाही, हे सांगता येत नाही. शेजारच्या आसनावर बहुतेक वेळा माझी मुलगी असते.

आपण देऊ केलेला नवा, ओतीव अॅक्सल मला नको आहे, आणि त्याचे कारण हट्ट नव्हे. गाडी खाली बसवायची तर स्प्रिंगचे पाटे काढता येतात, फ्रेमही कापता येते; पण पाटे काढले की स्प्रिंगची हालचाल कमी होते, गाडी आदळते. अॅक्सल ड्रॉप केला की स्पिंडल (चाके ज्यांवर फिरतात ते दांडे) वर जातात, पाट्याला धक्का न लावता गाडीचे नाक खाली येते. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या, हौसेने गाड्यांत बदल करणाऱ्या मुलांनी ही युक्ती फोर्डच्याच ठोकीव पोलादावर केली. सॅन दिएगोच्या एड स्टुअर्ट यांना तर याच कामावरून ‘अॅक्सल’ असे टोपणनाव पडले. आपले माहितीपत्रक याच परंपरेचे नाव घेते आणि मी त्याच शब्दांवर विश्वास ठेवून आपल्याकडे आलो. हा अॅक्सल १९३१ पासून याच गाडीखाली होता. मला ज्यांनी गाडी विकली त्या वृद्ध गृहस्थांनी तो कधी बदलला नव्हता, आणि मलाही बदलायचा नव्हता.

माझ्या मागण्या अशा आहेत. कामाची पूर्ण रक्कम आणि दोन्ही वेळचा वाहतूक खर्च परत मिळावा. त्याच काळातला, तडा नसलेला मूळ मॉडेल ए अॅक्सल आपण आपल्या खर्चाने मिळवून द्यावा, तो चुंबकीय तपासणी करून त्या अहवालासह यावा, आणि ड्रॉपचे काम मी दुसरीकडे करून घेईन. शिवाय डाव्या टोकाचे काय झाले आणि ते मला का कळवले गेले नाही, याचा लेखी खुलासा हवा. तो मला पैशांइतकाच महत्त्वाचा आहे, कारण त्याच महिन्यात आपल्याकडून गेलेले इतर अॅक्सलही कुणाच्या तरी गाडीखाली फिरत असतील. त्या ग्राहकांना आपण आजच सावध करावे.

वेल्ड केलेला अॅक्सल मी परत पाठवणार नाही. तो पुरावा म्हणून माझ्याकडेच राहील. आपला माणूस येऊन पाहणार असेल तर त्याचे स्वागत आहे. पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर न आल्यास मला न्यायालयात जावे लागेल.

सोबत पोचपावतीची प्रत, पाठवण्यापूर्वीच्या व नंतरच्या मोजमापांची नोंद आणि रंग काढतानाची छायाचित्रे जोडली आहेत.

आपला विश्वासू,
१९३१ मॉडेल ए कूपेचा मालक