'शेवटच्या ५ पेट्या' असं खोटं लिहायला शिकवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पेपरात मध्यंतरी घरबसल्या ऑनलाईन धंदा कसा करावा यावर लेख आला होता. छान होता, फोटो कसे काढावेत, पॅकिंग, कुरिअर, यूपीआय सगळं होतं, पण गिऱ्हाइकाला पाठवायचं पत्र कसं लिहायचं याला मात्र एकच ओळ, "आकर्षक मजकूर लिहा". माझ्या मते निम्मा धंदा त्या पत्रावर उभा असतो, म्हणून हे लिहितेय.

देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. सहा वर्षं झाली, वाशीला दलालाकडे माल पाठवायचं कमी करून आम्ही थेट घरपोच विकतो, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि एका साध्या वेबसाईटवर. दरवर्षी मार्चमध्ये जुन्या गिऱ्हाइकांना एक मोठा मेसेज जातो, त्याला सेल्स लेटर म्हणतात हे मला एका ऑनलाईन कोर्समध्ये कळलं. कोर्सचे ४,९९९ रुपये भरले होते. तिथे तयार टेम्प्लेट मिळाले, इंग्रजीवरून केलेले, सुरुवातच "मित्रा, कल्पना कर..." अशी. आमची निम्मी गिऱ्हाइकं साठीच्या पुढची, त्यांना मी मित्रा म्हणू? ते मी काढलं पण बाकीचं तसंच ठेवलं, "फक्त शेवटच्या ५ पेट्या", "ऑफर आज रात्री १२ पर्यंत", आणि वेबसाईटवर उलटं घड्याळ, जे पान परत उघडलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. सर म्हणाले होते सगळे असंच करतात, घाई केल्याशिवाय माणूस पैसे काढत नाही.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून एका काकांचा फोन आला, आमचं जुनं गिऱ्हाईक. म्हणाले, "वहिनी, परवा पण पाचच पेट्या होत्या, काल पण पाच आणि आज पण पाचच? मग कार्बाईड घालत नाही म्हणता ते तरी खरं कशावरून?"

मला उत्तर देता आलं नाही. आंबा झटपट पिकवायला वापरतात ते कार्बाईड आम्ही खरंच घालत नाही हो, त्यावर बंदी आहेच पण बंदी नसती तरी घातलं नसतं, पेंढ्यात आढी घालूनच पिकवतो. आणि ते सगळं खरं त्या पाच पेट्यांच्या खोट्यापायी वाया गेलं. त्याच रात्री घड्याळ काढून टाकलं.

नंतर कळलं की हे नुसतं वाईट दिसतं असं नाही, नियमाविरुद्ध पण आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे ऑनलाईन गिऱ्हाइकाला फसवायच्या युक्त्यांबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, त्यात १३ प्रकार दिलेत आणि खोटी घाई हा त्यातलाच एक. शेवटी हळूच जादा पैसे लावणं, न मागितलेली वस्तू बिलात घालणं, "नको" म्हणणाऱ्याला लाजवणं हे पण त्यात आहे. फक्त मोठ्या कंपन्यांना नाही, विकणाऱ्यालाही लागू आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. त्या कोर्समध्ये यातला एक शब्द कुणी सांगितला नव्हता.

पुढच्या वर्षी मी पत्र नव्याने लिहायला बसले तेव्हा टेम्प्लेट घेतला नाही, वही घेतली. फोनवर आणि मेसेजवर लोक जे जे विचारतात ते त्यांच्याच शब्दात लिहून ठेवलं होतं. "साका निघाला तर?" हा सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, साका म्हणजे हापूसच्या आतला बिघडलेला गर. मग "गाडीत तापून खराब होतात का?", "कच्चे पाठवता की पिकलेले?", "कर्नाटकचा तर नाही ना?". पत्र म्हणजे या प्रश्नांची उत्तरं, दुसरं काही नाही. पहिल्याच ओळीत भाव लिहिला, कुरिअरसकट, कारण लोक तोच आधी शोधतात. मग फळाचं वजन, २०० ते २५० ग्रॅम. मग हे की फळ चौदा आणे म्हणजे जवळजवळ पूर्ण तयार झालं की झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट उतरवतो, कच्चंच पाठवतो, घरी पेंढ्यात ठेवा, वास सुटला आणि हाताला जरा मऊ लागलं की खा, तोवर फ्रीजमध्ये ठेवू नका. हापूसचं भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्याच मालाला ते नाव) २०१८ मध्ये मिळालं ते आणि त्याचा अर्थ काय हे दोन ओळीत.

आणि साक्याबद्दल सरळ लिहिलं की साका बाहेरून दिसत नाही, कापल्यावरच कळतो, आम्हालाही आधी कळत नाही, निघाला तर फोटो पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत. घरात यावर दोन दिवस वाद झाला. सासरे म्हणाले आपल्याच मालाचा दोष आपणच कशाला सांगायचा. पण बाई, ज्याला आधी एकदा साका निघालाय त्याच्या मनात तोच प्रश्न आहे, तो न बोलता दुसरीकडे जातो.

ऑर्डरी लगेच वाढल्या नाहीत, पहिल्या आठवड्यात तर कमीच आल्या आणि मला झोप नव्हती. पण त्या हंगामात ४१ घरांनी दुसऱ्यांदा मागवलं, आधी कधी पंधरावर गेलं नव्हतं. पुण्याच्या काकांनी पण मागवलं. माल खरंच संपत आला तेव्हा मी लिहिलं "आता १२ पेट्या उरल्यात, यानंतर यंदाचा आंबा नाही" आणि त्या दुपारपर्यंत गेल्या.

आमच्याकडे बचत गटाच्या बायकांना कोकम, आगळ, फणसपोळी करायचं ट्रेनिंग मिळतं, फूड लायसन्सचं मिळतं, मुंबईला महालक्ष्मी सरस या बचत गटांच्या प्रदर्शनात स्टॉल मिळतो. पण स्टॉल उठल्यावर त्या गिऱ्हाइकाला घरून चार ओळी काय लिहायच्या हे कुणी शिकवत नाही, मग त्या पण कुठूनतरी "त्वरा करा" उचलतात. या बायका समोर बसून बोलायला लागल्या तर तुमच्या हातात कोकमाची बाटली कधी आली कळणार नाही. तेच बोलणं कागदावर यायला हवंय.

म्हणून विनंती आहे की आपल्या रविवारच्या पुरवणीत आठवड्याला एक कोपरा द्यावा, छोट्या विक्रेत्यांनी स्वतः लिहिलेलं एक पत्र छापावं आणि खाली वाचकांनी सांगावं की हे वाचून आपण मागवलं असतं का, नसतं तर कुठल्या ओळीला अडलो. पहिलं पत्र माझं घ्या, साक्याच्या ओळीसकट पाठवते.

आपली,
एक आंबा बागायतदार, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग