गाब्रिएला आणि झाशीची उपमा

महोदय,
गाब्रिएला सिलांग हिला ‘फिलिपिन्सची झाशीची राणी’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण तिच्याकडे ना संस्थान होते, ना किल्ला. आणि तिची लढाई १७६३ची, म्हणजे झाशीच्या नव्वदएक वर्षे आधीची. उत्तर फिलिपिन्सच्या इलोकोस भागात स्पॅनिशांचा कर आणि वेठबिगार यांविरुद्ध पती दिएगोने बंड उभारले. २८ मे रोजी त्याच्याच मित्राने, मिगेल विकोसने, त्याला गोळी घातली, तेव्हा तिने सूत्रे हाती घेतली. आब्राच्या डोंगरात पिदिगानला माघार घेतली, तिथल्या डोंगरी इत्नेग लोकांना सोबत घेतले.

खरी गोम मदतीत होती. मद्रासहून निघालेल्या ब्रिटिश मोहिमेने १७६२मध्ये स्पॅनिशांकडून मनिला जिंकली आणि दिएगोला पदवी दिली. कबूल केलेली फौज मात्र आलीच नाही. सप्टेंबरमध्ये गाब्रिएला इलोकोसमधल्या विगान शहरावर चालून गेली तेव्हा स्पॅनिश सावध होते, आणि त्यांच्या बाजूनेही लढणारे बहुतेक स्थानिकच! त्याच महिन्यात विगानमध्ये आधी तिच्या साथीदारांना, मग तिला फाशी दिले.

– एक वाचक