पाऊस तोंडावर का येतो

देवगड,
आषाढातला एक ओला रविवार

प्रिय सुऱ्या,

स. न. वि. वि. वगैरे तुझ्या आईला लिहीन. तुझ्याकडे उधारी आहे, तेवढ्यापुरतं हे पत्र.

विजयदुर्गला साहेबाच्या ओट्यांवर (ग्रहण बघायला बांधले म्हणतात ते चौथरे) बसून भांडलो होतो, आठवतंय? दहावीचं वर्ष. तू म्हणालास, प्रकाशाच्या वेगाने निघालं तर चांदण्यांच्या रेघा होऊन मागे पळतील. मी म्हटलं, मिट्ट काळोख. पैज कांदाभज्यांची.

परवा पडेलहून दुचाकीवर येत होतो. वारा मेलेला, पाऊस ओळंब्यात कोसळत होता, तरी दिव्याच्या झोतात प्रत्येक थेंब समोरूनच अंगावर येत होता. घरी पोचलो तेव्हा छाती चिंब आणि पाठ जवळजवळ कोरडी. आजी म्हणाली, "पावस सरळच पडता रे, तू धावतंस म्हणान तोंडार येता."

जेम्स ब्रॅडली या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १७२९ साली ताऱ्यांच्या उजेडाबद्दल हेच सांगितलं! पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर धावते, म्हणून तारे तिच्या धावण्याच्या दिशेला किंचित सरकलेले दिसतात. किंचित म्हणजे जास्तीत जास्त साडेवीस विकला. एका अंशात ३,६०० विकला असतात. एवढंसं सरकणं त्या माणसाने दुर्बिणीतून टिपलं.

पावसाची उपमा पुढे मात्र तुटते. गाडी जोरात हाणली की थेंब जोरात लागतो. उजेडाचं तसं नाही; तू कितीही धाव, तो तुला सेकंदाला तीन लाख किलोमीटरनेच भेटणार. बदलते ती त्याची दिशा आणि त्याचा रंग. आइन्स्टाइनचं १९०५ चं गणित घेऊन काल रात्री वहीत आकडे मांडत बसलो. (वीज नव्हती, दुसरं करणार काय?)

वेग धरला प्रकाशाच्या ९० टक्के. पूर्ण वेग आपल्याला मिळत नाही, तो वाद आता नको. तर नेमका बाजूला, काटकोनात असलेला तारा सरकून नाकासमोरून फक्त २६ अंशांवर येतो. हात लांब करून मूठ धर, अशा अडीच मुठी. समोरचं अर्धं आकाश तेवढ्या वर्तुळात कोंबलं जातं, जत्रेत देवळाच्या दारात माणसं कोंबतात तसं. आणि मागे असलेला तारा, अगदी पाठीच्या रेषेपासून ३० अंशांवरचा, तोही ८१ अंशांवर, म्हणजे पुढच्या बाजूला येऊन बसतो! हे मी तीनदा तपासलं. मागे उरतात मोजके तारे, विखुरलेले, आणि त्यांचा उजेड ताणून अवरक्तात, म्हणजे तांबड्यापलीकडच्या न दिसणाऱ्या पट्ट्यात गेलेला.

रंगासाठी त्याच ओट्यांवरून उदाहरण घेतो. आपल्याकडे सांगतात की १८६८ च्या ग्रहणात लॉकियर नावाच्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञसाहेबाने तिथून हेलियम शोधला. साहेब तेव्हा इंग्लंडात होता आणि सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेघ त्याने ऑक्टोबरात तिथूनच पाहिली, पण हे विजयदुर्गात मोठ्याने बोलू नकोस. त्या रेघेची तरंगलांबी ५८७.६ नॅनोमीटर; तरंगलांबी बदलली की रंग बदलतो. सूर्याकडे प्रकाशाच्या पाव वेगाने निघालास तर ती ४५५ ला, निळी दिसेल. उलटा पळालास तर ७५९ ला जाईल, म्हणजे तांबड्याच्याही पलीकडे, डोळ्यांना जवळपास नाहीच.

याच हिशेबाने आणखी वेग वाढवला की समोरचे तारे अतिनीलाकडे जातात आणि त्यांची न दिसणारी उष्णता रंग होऊन दिसू लागते. पण मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. सगळं आकाश भरून २.७ केल्विनचा (म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम २.७ अंश वर) जुना, गार प्रकाश आहे, महास्फोटानंतरचा. आपण आत्ताही त्यातून सेकंदाला ३७० किलोमीटरने चाललोय, म्हणून सिंह राशीच्या बाजूला तो एका अंशाच्या हजाराव्या भागाच्या साधारण तिपटीने गरम भरतो. वेग ९९.९९९९५ टक्के केला तर समोर तोच २,००० पटीने चढून ५,४०० केल्विनचा होतो, जवळजवळ सूर्याइतका. चंद्रापेक्षाही लहान, पांढरा, झगझगीत ठिपका. सगळं जग त्या ठिपक्यात, आणि तुझ्या हातातली बॅटरी मात्र नेहमीसारखीच पिवळट.

म्हणजे तुझ्या रेघा साफ खोट्या. माझा काळोख पाठीमागे खरा ठरला, पुढे नाही. निम्मी पैज माझी. भजी तू घाल, चहा माझा. आणि येताना रेनकोट आण, माझा काखेत उसवलाय.

तुझा,
दाजी